मुळ्याचा पाला आणि पालक: दोन्ही पालेभाज्याच, पण काम वेगळं

मुळा घेताना भाजीवाली विचारते, "पाला तोडू का?" आणि बहुतेक जण हो म्हणतात. पालकाची जुडी पिशवीत असतेच, मग पालेभाजी झाली असं वाटतं. पण कॅन्सरचा धोका कमी व्हावा म्हणून पालेभाज्या खायच्या असतील, तर या दोघींना एकाच दावणीला बांधू नका.

पालक हा माठ, राजगिरा, चाकवत यांच्या कुळातला. त्याची जमेची बाजू म्हणजे फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व आणि कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यं. पेशी दुभंगताना डीएनए तयार व्हायला आणि त्यातला बिघाड दुरुस्त व्हायला फोलेट लागतं. ते पाण्यात उतरतं, म्हणून पालक उकडून पाणी ओतून देऊ नये. ताकातल्या पातळ भाजीत ते पाणी पोटात जातं. कॅरोटिनॉइड अंगी लागायला मात्र तेल हवं, म्हणजे लसणाची फोडणी हवीच.

मुळ्याचा पाला मोहरीच्या कुळातला. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, हाळीव हे त्याचे भाऊबंद. यांच्या पानांत ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्यं आणि मायरोसिनेज हे एन्झाइम वेगवेगळ्या जागी असतात. विळीवर पाला चिरला की ती एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात जाणारा झणका तो हाच. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन याच जातीचं. शरीरातली घातक द्रव्यं निकामी करणाऱ्या एन्झाइमना ते चालना देतं, हे १९९२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या पॉल तलाले यांच्या गटाने दाखवलं. पुढे चीनमधल्या चिदोंगला २९१ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. ब्रोकोलीच्या मोडांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेन्झीनचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला. बेन्झीन कॅन्सरकारक आहे. अर्थात कॅन्सर किती टळला, हे त्या चाचणीने मोजलं नव्हतं.

अडचण अशी की मायरोसिनेज उष्णतेने निकामी होतं. म्हणून मुळ्याचा पाला बारीक चिरून अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा, मग परता आणि फार शिजवू नका. दुसरा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे: फेसलेली मोहरी. ब्रिटनमध्ये १२ जणांना शिजलेल्या ब्रोकोलीबरोबर मोहरीची पूड दिली, तेव्हा सल्फोराफेन चौपटीहून जास्त शोषलं गेलं. फोडणीत तडतडलेली मोहरी इथे उपयोगाची नाही. कच्ची मोहरी थोडं पाणी घालून फेसायची आणि डोळ्यांत पाणी आणण्याइतकी चढली की, भाजी गॅसवरून उतरवून कोमट झाल्यावर कालवायची.

दोन्ही भाज्या आलटून पालटून ताटात याव्यात, असं मला मनापासून वाटतं. पण यातली एकही कॅन्सरवरचं औषध नाही. पालकाच्या रसाच्या भरवशावर कोणी उपचार लांबवत असेल, तर त्याला आजच अडवा. तंबाखू चालू ठेवून पालेभाजीने भरपाई होत नाही. गोळीनेही नाही: फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा कॅरोटिन या कॅरोटिनॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं.

वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध घेणाऱ्यांनी मात्र पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये. त्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं.