सर्दी-पडशावरील घरगुती उपचार (ग्रामीण विदर्भ)

सर्दी-पडशावरील घरगुती उपचार : नाक गळणे, नाक चोंदणे, शिंका, घशाची खवखव आणि अंगातील कणकण या लक्षणांवर दवाखान्यात न जाता, स्वयंपाकघरातील मसाले, परसातील झाडपाला, ऊब आणि पातळ आहार यांच्या साहाय्याने केले जाणारे उपाय. आयुर्वेदात या विकाराला प्रतिश्याय म्हणतात. विदर्भातील खेड्यांत 'सर्दी झाली' यापेक्षा 'थंडी बसली' किंवा 'हवा लागली' असे सांगण्याची पद्धत अधिक रुळलेली असून, उपचारांमागील विचारही या शब्दांतच आलेला आहे : शरीरात शिरलेली थंडी उष्ण पदार्थांनी आणि शेकाने बाहेर काढायची.

वैद्यकाच्या दृष्टीने सर्दी हा विषाणूंमुळे होणारा संसर्ग आहे. असे विषाणू 200 च्या आसपास असून त्यांतील ऱ्हायनोव्हायरस हा गट सर्वांत मोठा आहे. 1950 च्या दशकात त्याचा शोध लागला आणि आजवर त्याचे 150 हून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर चालत नसल्यामुळे माणसाला आयुष्यभर सर्दी होत राहते. प्रौढांना वर्षातून साधारण दोन-तीन वेळा, तर लहान मुलांना सहा-आठ वेळाही. संसर्ग झाल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसू लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वाधिक असतात आणि सात ते दहा दिवसांत बहुतेक ओसरतात, मात्र खोकला तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. विषाणूला मारून ही मुदत संपवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात, सर्दीवर नाही. त्यामुळे गावात डॉक्टरकडे गेल्यावर 'सुई' मिळाल्याशिवाय समाधान न होण्याची जी सवय आहे, तिच्यापेक्षा ओव्याची पुरचुंडी निदान निरुपद्रवी आहे.

थंडीचा आणि सर्दीचा संबंध केवळ गैरसमज म्हणून सोडून देता येत नाही. थंडी स्वतः सर्दी निर्माण करीत नाही, त्यासाठी विषाणू लागतोच. परंतु शरीराच्या 37 अंश सेल्सिअस तापमानापेक्षा नाकपुडीतील 33 अंशांच्या आसपासच्या तापमानात ऱ्हायनोव्हायरसची वाढ अधिक चांगली होते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. थंडीत माणसे बंद घरात दाटीने झोपतात, त्यामुळेही संसर्ग पसरतो. विदर्भात सर्दीचे हंगाम ठळक आहेत. पहिला जून-जुलैत, मृगाच्या पावसात भिजत पेरणी आणि डवरणी करताना. दुसरा दिवाळीनंतर, जेव्हा गोंदिया, नागपूर भागात किमान तापमान 10 अंशांच्या खाली उतरते आणि शेतकरी रानडुकरांपासून हरभरा राखण्यासाठी जागलीवर किंवा रात्रीच्या विजेवर गव्हाला ओलीत करण्यासाठी शेतात असतो. याशिवाय सोयाबीन काढताना आणि तुरीची मळणी करताना उडणाऱ्या भुशाने, तसेच उन्हाळ्यात कूलरच्या जुन्या, बुरशी धरलेल्या गवतामुळे जी शिंकांची सर सुरू होते, ती बहुधा सर्दी नसून ॲलर्जी असते. तिला ताप येत नाही, डोळे आणि नाक खाजते, आणि काढ्याने तिच्यात फारसा फरक पडत नाही. तोंडाला दुपट्टा बांधणे आणि कूलरचे गवत बदलणे हाच तिच्यावरचा उपाय होय.

घरगुती उपायांत सर्वाधिक प्रचार काढ्याचा आहे. गंजात, म्हणजे पातेल्यात, दोन पेले पाणी घेऊन त्यात ठेचलेली अद्रक, तुळशीची पाने, चार-सहा मिरे, एखादी लवंग, गवती चहाची पात आणि गुळाचा खडा टाकून पाणी निम्मे होईपर्यंत उकळतात आणि रात्री झोपण्यापूर्वी गरम गरम पितात. अद्रक नसेल तर सुंठ चालते. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते आणि प्रत्येक घराला आपलेच खरे वाटते. तुळस आणि लवंग यांत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, अद्रकीत जिंजेरॉल ही रसायने असून प्रयोगशाळेत त्यांचे जंतुरोधक किंवा दाहशामक गुण दिसले आहेत. पण पेलाभर काढ्यातील मात्रेने माणसाच्या नाकातील विषाणू मरतात, असे सिद्ध झालेले नाही. काढ्याने जो आराम वाटतो तो मुख्यतः गरम, गोड आणि तिखट द्रवामुळे असतो : लाळ सुटते, घसा ओला राहतो, कफ पातळ होतो आणि पोटात पाणी जाते. हे काही थोडे नव्हे. तापात आणि सततच्या शेंबडात शरीरातील पाणी कमी होते, तहान मात्र लागत नाही; साधे पाणी नको म्हणणारा माणूस काढा मुकाट्याने पितो.

अडुळशाची गोष्ट थोडी निराळी आहे. गावाच्या कुंपणाला सहज आढळणाऱ्या या झुडपाच्या पानांचा रस मध किंवा गुळासोबत खोकल्यावर देतात. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध बनवले गेले आणि त्यापासून पुढे ॲम्ब्रोक्सॉल आले. औषधाच्या दुकानातील खोकल्याच्या अनेक बाटल्यांत ही नावे आजही असतात. अडुळसा गर्भवती स्त्रीने मात्र घेऊ नये, कारण त्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. घशासाठी चघळले जाणारे ज्येष्ठमधही रोज आणि फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढवते, हे वृद्धांच्या बाबतीत लक्षात ठेवावे लागते.

हळद-दूध आणि हळद-गूळ हे उपाय महाराष्ट्रभर असले तरी वर्धा जिल्ह्यात त्यांना वेगळा मान आहे, कारण समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली असून ती तिच्या गडद रंगासाठी ओळखली जाते. हळदीतील कर्क्युमिन एकटे घेतल्यास आतड्यातून फारच कमी शोषले जाते. मिऱ्यातील पायपरीन त्याचे शोषण अनेक पटींनी वाढवते आणि दुधातील स्निग्धांशही त्याला मदत करतो. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरेपूड टाकण्याची जुन्या बायकांची रीत त्यामुळे अर्थहीन ठरत नाही. तरीही हळदीने सर्दीचे दिवस कमी होतात, असा पुरावा नाही. दुधाने कफ वाढतो ही समजूतही तपासणीत टिकलेली नाही; दूध प्यायल्यावर लाळ दाट लागते, त्यामुळे तसे वाटते इतकेच.

मधाच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे. मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिल्यास खोकला कमी होतो आणि झोप लागते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. मेळघाटातील आणि गडचिरोलीतील जंगलांत आग्या मोहोळाचा मध काढला जातो आणि आठवडी बाजारात विकायला येतो. त्यातला बराचसा खरा असतो, काही गुळाचा पाकही असतो. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवू नये. मधात असू शकणाऱ्या विशिष्ट जिवाणूंच्या बीजाणूंमुळे त्या वयात बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. नवजात बाळाला बोटाने मध चाटवण्याची प्रथा म्हणूनच सोडून द्यावी लागते.

वाफ घेण्यासाठी गंजात पाणी उकळून त्यात निर्गुडीचा पाला, ओवा किंवा निलगिरीचे दोन थेंब टाकतात आणि डोक्यावरून चादर घेऊन बसतात. चोंदलेले नाक काही वेळ मोकळे वाटते. पुदिन्यातील मेन्थॉलची गंमत अशी की ते नाकातील थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. नाकाची वाट प्रत्यक्षात तितकीच अरुंद असते. वाफेचा धोका भाजण्याचा आहे. चुलीवरून उतरवलेला गंज मुलाच्या मांडीवर कलंडल्याचे प्रसंग घडतात, म्हणून लहान मुलांना चादरीखाली वाफ देऊ नये. त्याऐवजी ओवा तव्यावर कोरडा भाजून पातळ फडक्यात बांधलेली पुरचुंडी हुंगायला देणे किंवा उशाशी ठेवणे अधिक सुरक्षित असते. गरम फुटाण्यांची पुरचुंडीही अशीच हुंगतात, आणि नंतर ते फुटाणे गुळासोबत खाऊन त्यावर पाणी न पिता झोपतात. पाणी न पिण्याच्या या अटीला वैद्यकात काही आधार नाही. पण फुटाणे थंड होण्याआधी संपवण्याची घाई मुलांना फार आवडते, हे खरे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय मिठाचा आहे. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या केल्यास घशाची सूज आणि दुखणे कमी होते. बाळाचे नाक चोंदून ते अंगावर पिईनासे झाले, तर नाकात सलाईनचे थेंब टाकून नाक साफ करता येते. असे थेंब औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळतात. याच्या जागी बाळाच्या नाकात तेल सोडण्याची रीत अनेक घरांत आहे. ते तेल फुप्फुसात उतरून त्याचाच न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून ही रीत टाळली पाहिजे.

बाहेरून करावयाच्या उपचारांत छाती, पाठ आणि तळपाय चोळणे मुख्य आहे. तिळाच्या किंवा जवसाच्या तेलात लसणाच्या पाकळ्या आणि ओवा करपेपर्यंत कढवून ते तेल कोमट असताना चोळतात, वरून कापडाचा शेक देतात आणि गोधडी पांघरून झोपवतात. वेखंड आणि जायफळ सहाणेवर उगाळून त्याचा लेप कपाळाला लावतात. हे सर्व त्वचेवर राहील तोपर्यंत हरकत नाही. वेखंड पोटात देऊ नये, आणि कापूर लहान मुलांच्या पोटात गेल्यास आकडी येऊ शकते. बिब्ब्याचा उल्लेख येथे वेगळा करावा लागतो. जंगलपट्ट्यात बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरतात आणि त्यातून गळणारे तेल दुधात घेऊन जुनाट खोकल्यावर पाजतात. हे तेल अत्यंत दाहक असून त्वचेला लागले तर बिब्बा उततो, म्हणजे फोड येऊन कातडी सोलते. सर्दीसारख्या आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यावर इतका जहाल उपाय करण्याचे काहीच कारण नाही.

आहाराबाबत वऱ्हाड आणि झाडीपट्टी यांच्यात फरक दिसतो. पश्चिमेकडे ज्वारीच्या पातळ कण्या, लसणाची फोडणी दिलेले वरण आणि गरम भाकरीचा काला दिला जातो, तर भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात मीठ घातलेली भाताची पेज. मांसाहारी घरांत गावरान कोंबडीचा रस्सा हे सर्दीचे हक्काचे औषध मानले जाते. भिवापुरी मिरचीने लाल झालेल्या या रश्श्याने नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, ते मिरचीतील कॅप्सेसिनमुळे. चोंदलेले नाक त्याने घडीभर सुटते. कोंबडीच्या सूपमुळे दाह निर्माण करणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, असे अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत दिसल्याचे 2000 साली प्रसिद्ध झाले होते. तो प्रयोग काचेच्या पात्रातला होता, माणसांवरचा नव्हे. दही, ताक, केळी आणि संत्री 'थंड' म्हणून वर्ज्य करतात. ज्या प्रदेशात संत्र्याच्या बागा आहेत तेथेच आजाऱ्याला संत्रे नाकारले जाते, हे विचित्र आहे. संत्र्याने सर्दी वाढत नाही. क जीवनसत्त्व नियमित घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर आटोपते, मात्र सर्दी झाल्यावर ते सुरू करून विशेष लाभ होत नाही.

या सर्व उपायांपेक्षा खेड्यात दुर्मीळ असलेली गोष्ट म्हणजे विश्रांती. सर्दीचा जोर आणि कापूस वेचणीचा जोर एकाच वेळी येतो, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. घरी बसलेल्या बाईचा दिवस कोरा जातो. ती काढा पिऊन दवात भिजलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, उतरते आणि संध्याकाळी पऱ्हाट्या व गोवऱ्या घातलेल्या चुलीच्या धुरात स्वयंपाक करते. या धुराने नाकाची आणि श्वासनलिकेची सूज वाढते. अशा घरात एखाद्या मसाल्याच्या गुणापेक्षा चार दिवस चूल दुसऱ्याने सांभाळणे हा उपचार अधिक परिणामकारक ठरतो, पण तो कोणी सुचवत नाही.

घरगुती उपचार कुठे थांबवावा, हा प्रश्न लहान मुलांच्या बाबतीत जीवनमरणाचा असतो, कारण न्यूमोनियाची सुरुवात सर्दीसारखीच दिसते. मेळघाटात पोट फुगलेल्या किंवा धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देण्याची डंबा ही प्रथा अजून पूर्णपणे संपलेली नाही; तिने आजार बरा होत नाही, जखम होते आणि दवाखान्यात पोहोचायला उशीर होतो. न्यूमोनिया ओळखण्याची खूण पोटावर नव्हे, श्वासाच्या गतीत असते. शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत : दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर मुलाला त्वरित आरोग्य केंद्रात न्यावे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातील आरोग्यसेवक आणि दाया यांना ही पारख शिकवून न्यूमोनियाचे उपचार गावातच उपलब्ध केले आणि त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे 1990 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमापक तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्यापूर्वी हात लाल मण्यापर्यंत गेला तर तो न्यूमोनिया समजायचा.

प्रौढांत तीन दिवसांहून अधिक टिकणारा जोराचा ताप, धाप, छातीत दुखणे किंवा थुंकीत रक्त ही लक्षणे काढ्याची नव्हेत. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर तो सर्दीचाच असेल असे गृहीत न धरता प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ही तपासणी सरकारी केंद्रांत विनामूल्य होते.