भयपटाचा ट्रेलर : नजर कुठे ठेवायची?

कमी खर्चातल्या भयपटाचा ट्रेलर आखताना बहुधा दोन वेगळ्या याद्या होतात. एकीत कॅमेऱ्याचे शॉट असतात आणि दुसरीत पडद्यावर झळकवायची वाक्ये, म्हणजे ‘तिन्हीसांजेनंतर या वाडीत कोणी पाऊल ठेवत नाही’ अशा थाटाची. पहिली यादी छायालेखकाकडे जाते, तर दुसरी संकलन संपत आले की कोणीतरी घाईघाईने भरून काढतो. दृष्टीचे विज्ञान विचारात घेतले, तर ही फारकत टिकत नाही. प्रेक्षकाची नजर कोणत्याही क्षणी पडद्याच्या एका लहानशा भागावरच असते आणि तिला हव्या त्या जागी आणून बसवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लिहिलेला मजकूर. साक्षर माणसाला समोर आलेला शब्द न वाचणे जवळजवळ अशक्य असते. रंगांची नावे भलत्याच रंगाच्या शाईत छापली आणि फक्त शाईचा रंग सांगायला लावले, तरी माणूस शब्दातच अडखळतो, हे जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दाखवून दिले होते. म्हणून ट्रेलरमधली पाटी, म्हणजे पडद्यावर झळकणारे असे वाक्य, आधी नजरेसाठी आणि मग माहितीसाठी लिहावी, असे माझे मत आहे.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक सूक्ष्म खळगा असतो आणि बारीकसारीक तपशील केवळ तिथेच नीट उमटतो. हा स्पष्ट दिसणारा भाग सुमारे दोन अंशांचा, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीइतका असतो. बाकीचे दृश्य आपल्याला स्पष्ट वाटते, याचे कारण डोळा सेकंदाला तीन-चार वेळा उड्या मारत ते टिपत राहतो. कट झाल्यावर मात्र नजर काही काळ आधीच्या शॉटमधल्या जागीच असते. नवी उडी ठरवून घेण्यास तिला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने जवळजवळ पाच फ्रेम. या पाच फ्रेममध्ये जे आधीच्याच जागी असेल ते लख्ख दिसते आणि जे इतरत्र असेल ते केवळ जाणवते. भयपटाला या दोन्ही गोष्टी हव्या असतात. कोणती केव्हा, हे मात्र स्टोरीबोर्डवरच, म्हणजे शॉटच्या आधी काढलेल्या चित्रांतच, ठरलेले असावे.

श्रीवर्धन किंवा गुहागरकडची नारळी-पोफळीची वाडी या दृष्टीने फार उपयोगी जागा आहे. पोफळीची खोडे सडसडीत, सरळ आणि साधारण सारख्या जाडीची असतात. पाटी डावीकडे ठेवून पुढचा शॉट अशा वाडीचा घेतला आणि उजव्या कडेला खोडांच्या मधोमध एक माणूस निश्चल उभा केला, तर पहिल्या नजरेत तो बहुतेकांना दिसत नाही. नजरेच्या कडेला आकृत्या एकमेकींच्या फार जवळ आल्या की त्या सुट्या ओळखता येत नाहीत. हर्मन बाउमा या डच संशोधकाने १९७० मध्ये अक्षरे घेऊन याचा अभ्यास केला. नजरेच्या मध्यापासून एखादी आकृती जितकी दूर, त्याच्या सुमारे निम्म्या अंतराच्या आत दुसरी आकृती आली, तर पहिली ओळखणे अवघड होते, असा त्याचा ढोबळ नियम आहे. टेली लेन्सने दुरून चित्रण केल्यास खोडे एकमेकांना चिकटल्यासारखी भासतात आणि हा परिणाम वाढतो; वाइड लेन्सने ती विखुरतात आणि लपलेला माणूस उघडा पडतो. हालचाल मात्र डोळ्याच्या कडेलाही चटकन कळते. त्यामुळे त्या नटाने मान किंचित जरी वळवली, तरी प्रेक्षकाची नजर तिकडे धावते. मान वळवायचीच असेल, तर ती शॉट सुरू झाल्यानंतर प्रेक्षकाने डावीकडची वाडी न्याहाळून संपवल्यावर वळवावी.

आता अंधाराकडे वळू. लक्स या उजेडाच्या मापात पौर्णिमेचे चांदणे साधारण पाव लक्स भरते, तर दुपारचे ऊन लाखभर लक्स. इतक्या कमी प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम करू लागतात. त्यांना रंग कळत नाहीत, पण निळसर-हिरवा प्रकाश त्या अधिक टिपतात, म्हणून मिणमिणत्या उजेडात तांबडे फूल काळपट आणि हिरवे पान त्या मानाने उजळ दिसते. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले. पडद्यावरची रात्र निळसर रंगवण्याची प्रथा यामुळेच डोळ्याला फारशी खटकत नाही.

प्रत्यक्ष चित्रीकरण मात्र रात्री न करता सूर्यास्तानंतरच्या संधिप्रकाशात करणे परवडते आणि इथे कोकणचा भूगोल आड येतो. या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो, त्यामुळे कामाजोगा संधिप्रकाश २२ ते २४ मिनिटेच टिकतो. शिवाय किनारा पश्चिमाभिमुख असल्याने समुद्राकडे कॅमेरा लावला की माडांच्या काळ्या आकृती उजळ आकाशावर उठून दिसतात, तर पाठीमागच्या डोंगराकडे लावला की पडवीतला एखादा कंदील तेवढा डोळ्यात भरतो. या वेळेत दोन्ही दिशांचे शॉट उरकायचे, तर डोंगराकडचा शॉट आधी घ्यावा, कारण तिकडचा उजेड लवकर विझतो. संध्याकाळी अरबी समुद्रातून वर येणारा पूर्णचंद्र ट्रेलरमध्ये जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण कोकणात तो सह्याद्रीवरून उगवतो आणि समुद्रात मावळतो तो पहाटे. गावचा प्रेक्षक ही चूक पहिल्याच दिवशी काढील.

वाळूवरचे शॉट पंचांग पाहून ठरवावेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब आहे. चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरते. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारच्या आसपास येत असल्याने संध्याकाळी ओहोटी असते आणि त्या दिवशीचे पाणी उधाणाचे म्हणून वाळू लांबवर उघडी पडते. ओल्या वाळूत आकाश उतरते आणि दूर उभ्या माणसाची आकृती दुहेरी होते. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर असते, पण ते भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, असल्याने फारसे चढत नाही.

अक्षरांच्या रंगाविषयी एक समज दृढ आहे, तो म्हणजे भयपटाची अक्षरे रक्तासारखी लाल हवीत. त्याला शरीरशास्त्राचा थोडा आधारही आहे. काळ्या पडद्यावर पांढऱ्याशुभ्र अक्षरांची मोठी पाटी आली की बाहुली आकसते, डोळा उजेडाला सरावतो आणि पुढच्या अंधाऱ्या शॉटचे पहिले क्षण वाया जातात. तांबड्या प्रकाशाने दंडपेशी फारशा उत्तेजित होत नाहीत, म्हणून तर जहाजाच्या सुकाणूकक्षात रात्री तांबडे दिवे वापरतात. अडचण येते ती मोबाइलवर. व्हिडिओ साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत उजळीची माहिती प्रत्येक बिंदूसाठी वेगळी ठेवली जाते, रंगाची मात्र दोन बाय दोन बिंदूंच्या चौकटीमागे एकदाच. काळ्यावर लाल अक्षरांच्या कडा त्यामुळे फिसकटतात. देवनागरीत तर शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार असा सगळा बारीक संसार असतो. तो चिखलासारखा एक झाला की वाचणाऱ्याची नजर तिथेच अडते. मळकट राखाडी, जाड वळणाची, ऐसपैस ओळींची अक्षरे मला अधिक भरवशाची वाटतात. जोडाक्षरे टाळता आली तर उत्तम. पाटी किती वेळ ठेवावी, यासाठी संकलकांचा ‘निवांत दोनदा वाचून होईल इतका वेळ’ हा ठोकताळा पुरेसा आहे.

पाटीचा सर्वांत चतुर उपयोग वेगळाच आहे. १९९७ मध्ये रोनाल्ड रेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र, मग क्षणभर कोरा पडदा आणि मग तेच छायाचित्र एक बदल करून, असे आलटून पालटून दाखवले. मधला कोरा पडदा सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ होता, तरी मोठमोठे बदल लोकांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. एरवी बदलाबरोबर जी हालचाल जाणवते, ती त्या कोऱ्या पडद्याने पुसली जाते. ट्रेलरमधली पाटी अगदी हेच काम करू शकते. जांभ्या दगडाच्या घराची पडवी, माजघराचे दार बंद, मग पाटी, मग तीच पडवी त्याच कोनातून, दार हातभर उघडे. पुन्हा पाटी, पुन्हा पडवी, आणि आता झोपाळ्यावर कोणीतरी बसलेले. बदल कोणत्या क्षणी झाला, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही. काहीतरी बिघडले आहे एवढेच त्याला वाटत राहते. यासाठी कॅमेरा तिवईवर घट्ट बसवून जागेवरून तसूभरही न हलवता तिन्ही शॉट घेतले पाहिजेत आणि उजेड बदलण्याच्या आत घेतले पाहिजेत.

दचकवण्याचा मार्ग मुख्यतः कानातून जातो. एकाएकी झालेल्या मोठ्या आवाजाने पापणी ३० ते ५० सहस्रांश सेकंदात मिटू लागते, कारण ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या खोडातूनच उरकली जाते आणि विचाराला तिथे वाव नसतो. अंधारात माणूस अधिक दचकतो, हे ख्रिस्तियान ग्रिलाँ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मोजून दाखवले. गंमत अशी की निशाचर उंदीर याउलट भगभगीत उजेडात जास्त दचकतात. ट्रेलरसाठी मोलाच्या गोष्टी आणखी दोन. मोठ्या आवाजाआधी सुमारे दहावा भाग सेकंद एखादा हलका आवाज झाला, तर दचकणे कमी होते, म्हणून धक्क्याच्या ऐन तोंडावर दाराची करकर घालू नये. दुसरे म्हणजे, तोच धक्का पुन्हा पुन्हा दिला की तो बोथट होतो. दोन मिनिटांत एखाददुसरा पुरे. तोही चित्रपटाच्या नावाची पाटी वाचून होत असताना, नजर पडद्याच्या मध्यावर खिळलेली असेल तेव्हा.

अर्थात ट्रेलर अनेकदा मोबाइलवर आवाज बंद ठेवून पाहिला जातो आणि तेव्हा कानाचा हा सारा बेत फुकट जातो. म्हणून संकलन पक्के करण्यापूर्वी तो एकदा भरदुपारी, अंगणात बसून, मुका करून पाहावा. बाहेरच्या उजेडात काळ्याच्या जवळपासच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि पोफळीआडचा माणूस, पडवीतले दार असे जपून मांडलेले तपशील आधी तिथेच हरवतात. जे शॉट दिसेनासे होतील, त्यांच्या सावल्या थोड्या उजळाव्यात आणि त्यावर किंचित रवाळपणा चढवावा, म्हणजे अंधाऱ्या आकाशात उमटणारे पट्टेही झाकले जातात.