फँटसी रोमान्स आणि डार्क पुस्तकं: घरी नेण्याआधी हे वाचा
(आमच्या लायब्ररीच्या सभासदांसाठी आणि दुकानातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

हल्ली काउंटरवर एक मागणी सारखी येते. "फँटसी रोमान्समधलं काही आहे का?" त्यामागोमाग, जरा खालच्या आवाजात, "आणि डार्क काही?" मागणी वाढली तसं आतल्या भिंतीला या पुस्तकांसाठी वेगळं कपाट केलं. पुस्तकांच्या खरेदीचं काम माझ्याकडे आहे. त्या कपाटातलं एकही पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय ठेवलेलं नाही. खालची मतं त्या वाचनातून आलेली आहेत. ती तुम्हाला पटली नाहीत तर खुशाल वाद घाला, पण पुस्तक निवडताना त्यांचा उपयोग होईल याची मला खात्री आहे.

एका नावाखाली तीन प्रकार

इन्स्टाग्रामवर ही सगळी पुस्तकं एकाच गठ्ठ्यात दिसतात. टिकटॉकवर वाचकांच्या व्हिडिओंतून ही लाट उठली. आपल्याकडे २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, त्यामुळे ती रील्स आणि यूट्यूबवरून पोचली. तीस सेकंदांच्या व्हिडिओत मुखपृष्ठ दिसतं, एखादं वाक्य दिसतं, आत काय आहे ते कळत नाही. सभासदांची फसगत होते ती इथेच.

फँटसी रोमान्स, ज्याला पोरं रोमँटसी म्हणतात, त्यात प्रेमकथा काढून घेतली तर गोष्ट कोसळते आणि जादू काढून घेतली तरी कोसळते. डार्क फँटसीत युद्ध, छळ, सडणारी शरीरं, सत्तेसाठीची क्रूर कारस्थानं असतात. प्रेम असेल किंवा नसेलही. डार्क रोमान्समध्ये बहुतेक वेळा जादू नसतेच. आजचं शहर असतं, आणि नायक गुन्हेगार, अपहरण करणारा किंवा नायिकेचा चोरून पाठलाग करणारा असतो. तिन्हींची मुखपृष्ठं सारखीच: काळी पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरं, एखादं फूल नाहीतर खंजीर.

प्रकार आजचा वाटला तरी मुळं जुनी आहेत. शापित पशूच्या वाड्यात राहायला गेलेल्या मुलीची फ्रेंच गोष्ट मादाम द व्हिलनव्ह यांनी १७४० मध्ये छापली, १७५६ मध्ये मादाम द बोमाँ यांनी ती आटोपशीर केली, आणि आजच्या कितीतरी मालिका त्याच वाड्याच्या फाटकातून आत शिरतात. मराठीत लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आली, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये. आपल्या पणजोबांच्या पिढ्याही अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचतच होत्या. तेव्हा "ही काय पोरकट पुस्तकं" असं म्हणून या कपाटाकडे पाठ फिरवू नये, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मी काय बघते

पुस्तक किती काळंकुट्ट आहे यावरून मी त्याचं वजन करत नाही. खून, युद्ध, सूड हे साहित्यात कायमच आहेत. माझा प्रश्न एकच असतो: नायिका "नाही" म्हणाली, तर पुढे काय होतं? तिचा नकार गोष्टीत मोजला जातो का? नायकाने तो पायदळी तुडवला, तर त्याचा हिशेब पुस्तक कधीतरी करतं का, की त्यालाच प्रेम म्हणून पुढे जातं? हिशेब करणारं पुस्तक कितीही अंधारं असो, मी ते हक्काने सुचवते. न करणारंही कपाटात आहे, कारण काय वाचायचं हे प्रौढ वाचकाने ठरवायचं. पण ते देताना मी सांगूनच देते.

एकेक पुस्तक

सर्वाधिक मागणी सारा जे. मास यांच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'ला आहे. (इथे पहिल्या दोन भागांतलं थोडं कथानक उघड होईल. ते नको असेल तर पुढच्या पुस्तकावर जा.) शिकार करून घर चालवणारी एकोणीस वर्षांची फेअरा जंगलात एक लांडगा मारते. तो निघतो फे लोकांपैकी, म्हणजे माणसांहून बलाढ्य आणि शतकानुशतकं जगणाऱ्या जमातीतला. भरपाई म्हणून तिला सीमेपलीकडे टॅमलिनच्या वाड्यात जावं लागतं. पहिला भाग निम्म्यापर्यंत रेंगाळतो. तिथे पुस्तक परत करायला येणारे सभासद बरेच आहेत, त्यांना मी आणखी शंभर पानं वाचायला सांगते.

खरी ताकद दुसऱ्या भागात आहे. संकट टळलं, लग्न ठरलं, वाडा फुलांनी सजला, आणि फेअरा रोज रात्री दचकून उठून ओकते आहे. ज्याने तिच्यावर जीव टाकला तोच टॅमलिन तिच्या काळजीपोटी तिला बाहेर जाऊ देत नाही, आणि एके दिवशी संपूर्ण वाड्याभोवती जादूचं कुंपण घालून तिला आत कोंडतो. मारझोड नाही, शिवी नाही, फक्त काळजी. जपण्याच्या नावाखाली घातलेली ही बेडी इतक्या स्पष्टपणे दाखवणारं लोकप्रिय पुस्तक मी अलीकडे वाचलेलं नाही. आमच्या सभासद बायका याच प्रकरणाबद्दल काउंटरवर थांबून बोलतात.

पण एक गोष्ट मला सलते. पहिल्या भागात दुसरा नायक रीसँड फेअराला गुंगीची दारू पाजून भर दरबारात नाचायला लावतो. त्यामागचं कारण पुढे दिलं आहे, ते वाचताना पटतंही. तरी त्या प्रसंगातली सक्ती कारणाने पुसली जात नाही, आणि लेखिका तिथून फार भराभर पुढे निघून जाते.

पालकांसाठी महत्त्वाचं: २०१५ मध्ये ही मालिका किशोरवयीनांच्या विभागात आली होती. २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं देऊन ती प्रौढांसाठी म्हणून आणली गेली, आणि तेच योग्य आहे. दुसऱ्या भागापासून शरीरसंबंधांची वर्णनं सविस्तर आहेत. थोरली बहीण नेस्ता हिच्या गोष्टीचा भाग २०२१ चा, त्यात ती सगळ्यांत जास्त. भाग क्रमानेच वाचा. मधलं चौथं छोटं पुस्तक राहिलं तरी फार बिघडत नाही.

रिबेका यारोस यांचं 'फोर्थ विंग' (२०२३) हातात घेतलं की सुटत नाही. व्हायोलेटला ग्रंथपालांसारखं लेखनिक व्हायचं आहे, पण सेनापती असलेली तिची आई तिला ड्रॅगनस्वारांच्या विभागात ढकलते. प्रवेशासाठी खोल दरीवरचा जेमतेम हातभर रुंदीचा दगडी कठडा चालून पार करायचा असतो, तोही पावसात. रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी मुलीच्या बुटांचे तळवे गुळगुळीत आहेत हे व्हायोलेट बघते, आणि आपला एक बूट काढून तिच्याशी बदलते. दोघींच्या पायात एकेक चांगला बूट. सारी व्हायोलेट या प्रसंगात कळते. तिचे सांधे सहज निखळतात, हाडं चटकन मोडतात. स्वतः लेखिकेला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हा आजार आहे आणि तिने तो कधी लपवलेला नाही. म्हणूनच दुखणाऱ्या शरीराने दिवस काढण्याचे बारकावे इतके खरे उतरले आहेत: कुठला सांधा आधी बांधायचा, कुठली चाल टाळायची, ताकद कमी असेल तिथे डोकं कसं चालवायचं. संधिवाताने त्रासलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासद काकूंना हे पुस्तक नातीपेक्षा जास्त आवडलं, यात मला काहीच नवल वाटलं नाही.

नायक झेडनच्या वडिलांना व्हायोलेटच्या आईने मृत्युदंड दिलेला, त्यामुळे वैर खरं आहे, ओढूनताणून आणलेलं नाही. तो तिचं ऐकतो, पण तिच्यापासून गोष्टी लपवतो, आणि 'आयर्न फ्लेम' या दुसऱ्या भागात दोघांचं भांडण त्यावरच आहे. तो भाग पसरट झालाय. दीडशे पानं सहज कमी करता आली असती. तिसरं 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये आलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. मालिका पाच भागांची ठरलेली आहे आणि आतापर्यंत हे तीनच आमच्याकडे आहेत. अर्धवट गोष्टीने जीव कासावीस होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पूर्ण झालेली मालिका हवी असेल तर हॉली ब्लॅक यांची 'द क्रुएल प्रिन्स'पासूनची तीन पुस्तकं न्या. आईवडिलांना मारणाऱ्याच्याच घरात वाढलेली ज्यूड, आणि खोटं बोलता न येणाऱ्या फे लोकांच्या दरबारात खोटं बोलू शकणारी ती माणसाची पोर. राजकारण चोख, प्रेम मोजकं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना मी बिनदिक्कत देते.

नाओमी नोविक यांचं 'अपरूटेड' (२०१५) एकाच खंडात संपतं आणि त्याला नेब्युला पुरस्कार मिळाला आहे. पोलंडच्या लोककथांच्या मातीतलं हे पुस्तक. त्यातलं जंगल माणसं गिळतं आणि कधीकधी परत पाठवतं, पण परत आलेलं माणूस तेच असतं का, हा प्रश्न वाचकाला सोडत नाही. नारायण धारपांच्या भयकथांवर पोसलेल्या ज्येष्ठ सभासदांनी इंग्रजीत सुरुवात करायची तर इथूनच करावी. प्रेमकथेपेक्षा नायिका अग्नीएश्का आणि तिची मैत्रीण काशा यांचं नातं मला जास्त मोठं वाटलं.

आता ज्या पुस्तकासाठी मी आग्रह धरते ते: ताशा सुरी यांचं 'द जॅस्मिन थ्रोन' (२०२१), २०२२ च्या वर्ल्ड फँटसी पुरस्काराचं मानकरी. लेखिका ब्रिटनमधल्या, भारतीय वंशाच्या. जग भारताच्या इतिहासावरून आणि पुराणांवरून बेतलेलं आहे. राजकन्या मालिनीला तिचा सम्राट भाऊ पवित्र म्हणून चितेवर चढायला सांगतो. ती नकार देते आणि ओसाड पडलेल्या मंदिरात कैद होते. तिथे झाडलोट करायला येणारी प्रिया स्वतःची ओळख लपवून जगते आहे. राज्यात एक रोग पसरलाय. माणसांच्या कातडीतून पालवी फुटते, केसांत फुलं उगवतात आणि हळूहळू माणूस झाड होत जातं. या दोघींमधलं प्रेम सावध आहे. एकमेकींचा फायदा घ्यायचाय हे दोघींना ठाऊक असतं, तरी ओढ थांबत नाही. चितेच्या धुराची वर्णनं वाचताना महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सतीशिळा डोळ्यांसमोर येतात, त्यांवरचा कोपरात वाकलेला, बांगड्यांचा हात येतो. एका "नाही"वर उभी असलेली ही पूर्ण तीन खंडांची मालिका आहे. ती कपाटात पडून राहते याचं मला वाईट वाटतं. कृपया न्या.

शेवटी एच. डी. कार्लटन यांचं 'हॉन्टिंग अ‍ॅडलीन' (२०२१). याची चौकशी रोज होते. अ‍ॅडलीन आजीच्या जुन्या वाड्यात राहायला येते, पणजीची डायरी सापडते, आणि तिचा पाठलाग करणारा पुरुष घरात शिरू लागतो. डायरीचा धागा चांगला विणलाय, वातावरण थरारक आहे. पण माझ्या प्रश्नाला हे पुस्तक उत्तर देत नाही. अ‍ॅडलीन नकार देते, तो मानला जात नाही, आणि तेच आकर्षण म्हणून रंगवलं आहे. मानवी तस्करी आणि लैंगिक हिंसा उघड वर्णन केलेली आहे. लेखिकेने सुरुवातीलाच तशी सूचना छापली आहे, हे तिच्या प्रामाणिकपणाचं. कल्पनेत भीतीशी खेळणं वेगळं आणि आयुष्यात ते सोसणं वेगळं, हे जाणणारे वाचक हे पुस्तक वाचतात, त्यांना कमी लेखण्याचं कारण नाही. मला ते आवडलं नाही. ते काउंटरमागे ठेवलेलं असतं आणि वयाचा पुरावा पाहून दिलं जातं.

आतल्या पानावरची पिवळी चिठ्ठी

या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात मुखपृष्ठाच्या आत एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे. 'द जॅस्मिन थ्रोन'मधली अशी आहे:

"वय १८ पासून. आहे: जिवंत जाळण्याचे उल्लेख, विषप्रयोग, कैद, मुलांचे मृत्यू, शरीर विद्रूप करणारा रोग. शरीरसंबंध: मोजके. नायिकेच्या नकाराचा मान: हो. मालिका: पूर्ण, ३ भाग. शेवट चिठ्ठीत सांगितलेला नाही."

ज्यांना एखाद्या विषयाचा खरोखर त्रास होतो, घरात तसं काही घडून गेलंय, त्यांनी कारण न सांगता नुसतं "अमुक नको" एवढं म्हणावं. आम्ही त्यावर प्रश्न विचारत नाही.

आईवडिलांना सांगणं एवढंच, की मुलांच्या हातातून पुस्तक हिसकावण्याआधी ही चिठ्ठी वाचा. अठराखालील सभासदांच्या कार्डावर या कपाटातली फक्त हिरव्या ठिपक्याची पुस्तकं मिळतात. मुलाने चोरून मोबाइलवर पीडीएफ वाचण्यापेक्षा तुम्हाला दाखवून 'द क्रुएल प्रिन्स' वाचलेलं कधीही चांगलं.

विकत घेणार असाल तर

याच पुस्तकांच्या नकली प्रती फुटपाथवर सर्वाधिक दिसतात. ओळखायला सोपं आहे. सुरुवातीचा नकाशा पुसट असतो, त्यावरची गावांची नावं वाचता येत नाहीत. कागद इतका पातळ की मागच्या पानाची शाई दिसते, समासाची रुंदी पानागणिक बदलते, आणि सहाशे पानांचं पुस्तक दुसऱ्या वाचनात पाठीतून उकलतं. मधली पानं गायब असल्याच्या तक्रारी घेऊन लोक आमच्याकडे येतात; त्या प्रती आमच्या नसतात, त्यामुळे बदलून देता येत नाहीत. अस्सल पेपरबॅक महाग वाटत असेल तर सभासदांनी वाचून परत केलेल्या प्रती आम्ही निम्म्या किमतीत विकतो. खालच्या खणात बघा.

घरी नेताना

मालिकेचा एका वेळी एकच भाग मिळेल, मुदत पंधरा दिवस. पुढचा भाग हवा असेल तर आधीचा परत करतानाच सांगा, तीन दिवस तुमच्या नावाने बाजूला ठेवू. 'फोर्थ विंग'साठी काउंटरवरच्या वहीत नाव लिहा, क्रमाने फोन येईल. जाड पुस्तकं उपडी घालून ठेवू नका, पाठ मोडते. आणि पिवळी चिठ्ठी काढू नका. तिच्यात काही राहून गेलं असं वाटलं तर खाली पेन्सिलने लिहा, पुढची चिठ्ठी छापताना आम्ही ते घालतो.