दोष कोणता? तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्यामागचा जुना वाद

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत बाळाच्या बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने मंडळीत घेण्याच्या विधीची, बोलणी सुरू झाली की घरातली थोरली बाई पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, एक प्रश्न विचारतेच. आमच्याकडे यंदा तो माझ्या आईने विचारला. चार महिन्यांची नात तिच्या मांडीवर पदराचं टोक चोखत पडली होती. "हिच्याकडून पाप घडलं ते कधी?" पाळकसाहेब म्हणाले, "आई, हिच्याकडून घडलेलं नाही, ते मूळ पाप." चहाला आलेल्या शेजारच्या काकूंना ते मागच्या जन्मीचं पाप वाटलं. पुनर्जन्माशी त्याचा काही संबंध नाही; ते आदामाचं, म्हणजे बायबलातल्या पहिल्या माणसाचं पाप. पण त्यातलं बाळाकडे नेमकं काय येतं, यावर ख्रिस्ती मंडळ्यांचंच, म्हणजे चर्चांचंच, सोळाशे वर्षं एकमत नाही.

वाद पेटला उत्तर आफ्रिकेत. इ.स. 200च्या आसपास कार्थेजचा एक लेखक विचारत होता, निष्पाप वयाला पापक्षमेची एवढी घाई कशाला? त्याच शहरात 253च्या सुमारास जमलेल्या बिशपांनी उलट सांगितलं: आठ दिवसही थांबू नका, बाळाला क्षमा मिळते ती स्वतःच्या नव्हे, परक्याच्या पापांची. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्याच हिप्पो शहराच्या बिशपाने, ऑगस्टीनने, आदामाचं पाप बाळाकडेही येतं असा पक्का सिद्धान्त केला. ब्रिटनहून आलेल्या एका तपस्व्याच्या गटाचं म्हणणं होतं की आदामाचं पाप आदामापाशीच राहिलं. 418मध्ये कार्थेजच्या सभेने हे म्हणणं धिक्कारलं.

ऑगस्टीनचा मोठा आधार होता बायबलातल्या रोमकरांस पत्राचं वचन 5:12. मूळ ग्रीकचा अर्थ "सर्वांनी पाप केल्यामुळे" असा लागतो, आणि आपल्या मराठी बायबलातही तसंच आहे. ऑगस्टीनच्या हाती असलेल्या लॅटिन भाषांतरात मात्र "ज्याच्यात सर्वांनी पाप केले" असं वाचता येत होतं. ज्याच्यात, म्हणजे आदामात. एवढ्या एका शब्दाने तान्हं बाळही गुन्ह्याच्या जागी हजर ठरलं. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या मंडळ्यांनी आदामाकडून मरण आणि दुबळेपण आलं असं धरलं. अपराध आला असं धरलं नाही.

खरी गाठ इथेच आहे, आणि मराठीत ती जास्तच घट्ट बसते. पश्चिमेकडच्या धर्मशास्त्रात दोन वेगळे शब्द आहेत. एक अपराधाचा, ज्यासाठी शिक्षा होते. दुसरा बिघाडाचा, म्हणजे स्वभाव वाकडा झाल्याचा. आपण दोन्हींना "दोष" म्हणतो. दृष्टिदोष असलेल्या पोराला आपण चष्मा लावतो, त्याला दोषी म्हणत नाही. पण "बाळ जन्मतः दोषयुक्त आहे" असं वाक्य उपासनेत कानावर पडलं की आईच्या मनात दोषीच उमटतं. बिघाड वारशाने येतो हे कुठल्याही आईला पटेल. अपराध वारशाने येतो म्हटलं तर बायबलातल्या यहेज्केलाच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायाचं काय करायचं? बापाच्या अन्यायाचा भार मुलाने वाहायचा नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. या अध्यायावर उपदेश व्हायला हवेत तेवढे होत नाहीत, असं मला वाटतं.

इंदूरशी जोडलेला धागा प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा आहे. 1877मध्ये कॅनडाचे मिशनरी इथे आले, ते 1646मध्ये इंग्लंडात वेस्टमिन्स्टरला तयार झालेली कबुली, म्हणजे श्रद्धेचा लेखी जाहीरनामा, घेऊन. तीत एक कलम होतं: देवाने "निवडलेली" बाळं बालपणी मेली तर त्यांचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं. मग न निवडलेल्यांचं काय? कलम गप्प होतं, आणि त्या काळी दर दोन-चार घरांमागे एखादं पोर दगावत असताना ते गप्प राहणंच आईबापांना छळायचं. मिशन सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, 1879मध्ये, स्कॉटलंडच्या एका मंडळीने जाहीर केलं की बालपणी मेलेलं कुणी नाश पावतं असं मानायची सक्ती नाही. 1903मध्ये अमेरिकेतल्या मंडळीने त्याहून पुढे जाऊन सांगितलं: बालपणी मरणारी सगळीच बाळं तारली जातात.

आणि 1904मध्ये भारतातल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या तेव्हा केलेल्या बारा कलमी कबुलीत काय आलं? सगळी मानवजात आदामा"त" पाप करून पडली. अपराध आणि बिघाड, दोन्ही शब्द शेजारी शेजारी. म्हणजे तीच लॅटिन वाट. पुढे मात्र एक जपून घातलेला तुकडा आहे: "ज्यांना शक्य आहे" त्यांनी त्यात स्वतःच्या पापांची भर घातली. तान्ह्यांना शक्य नाही, एवढं तरी कुणाच्या तरी मनात होतं.

बडोद्यातल्या आमच्या मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाच्या, नातलगांकडे हा पेच कमी आहे. त्यांच्या श्रद्धेच्या कलमांचा मसुदा 1784मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या कलमांवरून छाटून केला, तेव्हा जन्मपापाच्या कलमातला "देवाच्या क्रोधास पात्र" हा भाग गाळला. बिघाड तेवढा ठेवला. कॅथलिकांच्या 1992च्या धर्मशिक्षणग्रंथात मूळ पापाला "पाप" हा शब्द केवळ साम्याने लावलेला आहे, ते केलेलं कृत्य नव्हे, असा खुलासा आहे. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांसाठी तारणाची आशा धरायला आधार आहेत, असं 2007मध्ये रोममधल्या एका अभ्यासगटाने लिहिलं.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या, आणि आमची मंडळी त्यातलीच. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे मोठेपणीच्या कबुलीनंतरच देणारेही होते. दोन्ही रीती मान्य झाल्या. त्यामुळे आता निवड आईबापांची: आज बाप्तिस्म्याचं पाणी, की आज फक्त समर्पण, म्हणजे बाळाला प्रार्थनेत देवाच्या हाती सोपवणं, आणि पुढे बाळाने मोठेपणी स्वतः मागितल्यावर पाणी. आमच्या घरी पाणी ठरलं आहे. आईची अट एकच, उपासनेत "दोष" हा शब्द आला तर कोणता ते पाळकसाहेबांनी तिथेच सांगायचं.