स्वर : उच्चारण व वर्गीकरण

फुप्फुसांतून येणारी हवा स्वरतंतूंना कंपित करत निघते आणि तोंडाबाहेर पडेपर्यंत तिला कुठेही अडथळा होत नाही, तेव्हा उमटणारा ध्वनी म्हणजे स्वर. व्यंजनात जीभ किंवा ओठ हवेची वाट अडवतात, निदान अरुंद करतात. स्वरात वाट मोकळीच असते, बदलतो तो फक्त तिचा आकार. म्हणून ‘प’ किंवा ‘त’ नेमका कुठे होतो हे बोट ठेवून दाखवता येते, स्वराचे तसे नाही. ‘ई’पासून ‘आ’पर्यंत न थांबता आवाज नेला, तर वाटेत ‘ए’ कधी लागला आणि कधी मागे पडला हे सांगता येत नाही. या सलग पट्ट्यात सीमारेषा कुठे मारायच्या हे ज्या त्या भाषेने ठरवायचे. बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातील सीमाभागात मराठी आणि कन्नड एकाच बाजारात, पुष्कळदा एकाच घरात बोलल्या जातात. तिथे हा फरक रोज कानावर पडतो.

स्वरतंतूंचा कंप फक्त आवाज पुरवतो. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांना वेगळेपण येते ते स्वरतंतूंच्या वरच्या पोकळीमुळे, म्हणजे घसा व तोंड यांच्या आकारामुळे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, तरीही स्वर ओळखू येतात, ते यामुळेच. डॉक्टर घसा तपासताना ‘आ करा’ म्हणतात. त्या स्वरात जबडा उघडतो आणि जीभ खाली बसते.

वर्गीकरण मुख्यतः तीन गोष्टींवर होते. जीभ किती उंच आहे, यावरून संवृत म्हणजे मिटता (ई, ऊ), अर्धसंवृत, अर्धविवृत आणि विवृत म्हणजे उघडा (आ). जिभेचा कोणता भाग उचलला आहे, यावरून अग्र (ई, ए), मध्य (अ) आणि पश्च (ऊ, ओ). ओठ गोल आहेत की पसरलेले, हे तिसरे. मराठी आणि कन्नड दोन्हींत पश्च संवृत स्वर गोलाकार, तर अग्र स्वर अगोलाकार असतात. याशिवाय स्वर अनुनासिक आहे का आणि किती वेळ टिकतो, हेही पाहावे लागते. डॅनिएल जोन्स या इंग्रज ध्वनिशास्त्रज्ञाने तुलनेसाठी आठ मानस्वर ठरवले. ते कोणत्याही एका भाषेचे नाहीत, मोजपट्टीवरच्या खुणा आहेत.

भारतीय परंपरेत हा विचार फार जुना आहे. ‘इ’ तालव्य, ‘उ’ ओष्ठ्य, ‘ए’ कंठतालव्य. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या, म्हणजे हाक मारताना लांबवलेल्या स्वराच्या, तीन. ‘अ’ आणि ‘आ’ यांत केवळ लांबीचा फरक नाही, ऱ्हस्व ‘अ’ हा ‘आ’च्या मानाने संवृत आहे, हे पाणिनीला ठाऊक होते. अष्टाध्यायीचे शेवटचे सूत्र, ‘अ अ’, त्याबद्दलच आहे.

यंत्राने पाहिले तर प्रत्येक स्वरात काही कंप्रतापट्टे, म्हणजे ज्या कंप्रतांवर आवाजाचा जोर असतो ते पट्टे, ठळक दिसतात. जीभ खाली गेली की पहिला पट्टा वर चढतो. जीभ पुढे आली की दुसरा. पीटरसन आणि बार्नी या संशोधकांच्या 1952च्या मोजणीत अमेरिकी पुरुषांच्या ‘ई’चे पहिले दोन पट्टे सरासरी 270 व 2290 हर्ट्झवर, तर ‘आ’सारख्या पश्च विवृत स्वराचे 730 व 1090 हर्ट्झवर होते.

सीमाभागात सर्वांत ठळक फरक आहे तो ‘ए’ आणि ‘ओ’चा. मराठीत हे एकेकच आहेत. कन्नडात प्रत्येकी दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ, आणि त्यांनी अर्थ बदलतो (इथे ‘कॆ’, ‘कॊ’मधल्या मात्रा ऱ्हस्वाच्या, ‘के’, ‘को’मधल्या दीर्घाच्या): ‘कॆरॆ’ म्हणजे तलाव, ‘केरॆ’ म्हणजे धामण, ‘कॊडु’ म्हणजे दे, ‘कोडु’ म्हणजे शिंग. खुद्द बेळगाव शहराच्या कन्नड नावातला पहिला स्वर ऱ्हस्व आहे, म्हणजे ‘बॆळगावि’. मराठी तोंडी तो सहजच लांबतो. ‘इ’ आणि ‘उ’च्या बाबतीत तर गंमतच आहे. मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घावरून वर्गावर्गात गुण कापले जातात, पण बोलण्यात लांबी बहुधा शब्दातल्या जागेवरून ठरते (कीड, पण किडा). कन्नडात मात्र ‘बिडु’ (सोड) आणि ‘बीडु’ (मुक्काम, तळ) यांत खरोखरच तेवढाच फरक आहे.

या भागातील कन्नडही पुस्तकी नाही. घराला प्रमाण कन्नडात ‘मनॆ’ म्हणतात, बेळगाव-धारवाडकडे ‘मनि’. म्हणजे शेवटच्या स्वरात जीभ एक पायरी वर चढते.

इंग्रजीतून आलेल्या स्वरासाठी मराठीने ‘ॲ’ हे चिन्ह केले, कन्नड लिपी साधारणपणे ‘या’वर भागवते. त्यामुळे एकाच इमारतीवर देवनागरीत ‘बँक’ आणि कन्नडात ‘ब्यांक्’ असे लिहिलेले असते. (मराठी ‘बँक’मधला चंद्र स्वराचा आणि टिंब अनुस्वाराचे, दिसायला चंद्रबिंदू असला तरी स्वर अनुनासिक नाही.)

शब्दान्ती मराठी ‘अ’ गळतो, ‘शब्द’सारख्या जोडाक्षरान्त शब्दांत किंचित उरतो. कन्नडाचा कल स्वरान्त शब्दांकडे. बसची ‘बस्सु’ आणि कारची ‘कारु’ होते. मराठी शाळेतले पोर ‘गणित्’ म्हणते, आणि कन्नडाच्या तासाला तोच शब्द शेवटच्या ‘अ’सकट पूर्ण उच्चारते.