एकाच टोपणनावाचे दोन मल्ल: इव्हान लुईस आणि एड लुईस

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीचा जुना इतिहास वाचू लागले की ‘स्ट्रँगलर’ लुईस, म्हणजे गळा आवळणारा लुईस, हे नाव १८८६ च्या शिकागोतही भेटते आणि १९२८ च्या सेंट लुईस शहरातही. मग एकच मल्ल चाळीस वर्षांहून अधिक काळ आघाडीवर कसा टिकला, असा प्रश्न साहजिकच पडतो. वस्तुतः हे दोन वेगळे मल्ल होते आणि त्यांचे एकमेकांशी कोणतेही नाते नव्हते. दोघेही विस्कॉन्सिन राज्यातले, दोघेही आपापल्या काळातले अव्वल मल्ल, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. पहिला इव्हान लुईस १८६० साली रिजवे येथे जन्मला आणि १९१९ मध्ये वारला. दुसरा एड लुईस त्याच्यानंतर सुमारे तीस वर्षांनी निकूसा येथे जन्मला. त्याचे खरे नाव रॉबर्ट फ्रीडरिक होते आणि ‘स्ट्रँगलर लुईस’ हे अख्खे नाव त्याने पहिल्याच्या कीर्तीवरून उचललेले होते. त्या काळात गाजलेल्या मल्लाचे नाव लावून आखाड्यात उतरणे सर्रास चाले, त्यामुळे त्यात कोणाला काही गैर वाटले नसावे.

टोपणनाव एक असले तरी दोघांची हुकमी पकड मात्र निरनिराळी होती. इव्हान खरोखरच प्रतिस्पर्ध्याचा गळा आवळत असे. जानेवारी १८८६ मध्ये शिकागोत त्याने जपानहून आलेल्या मात्सादा सोराकिची या मल्लाला याच पकडीने हरवले. पुढच्याच महिन्यात दोघे पुन्हा भिडले तेव्हा गळ्याच्या पकडीला मनाई होती. इव्हानने मग सोराकिचीचा पाय धरून असा पिरगाळला की त्याला जबर दुखापत झाली आणि कुस्ती बघता बघता संपली. प्रेक्षकांना हे क्रौर्य वाटले, पण इव्हानचा दरारा त्याने वाढलाच. एडचा डाव होता हेडलॉक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे डोके काखेत घेऊन दंडाने आवळणे. याच्या सरावासाठी त्याने लाकडी डोक्याचे एक यंत्र वापरले होते: डोके मधोमध दोन भागांत कापलेले, मध्ये जोरकस स्प्रिंगा, आणि ते दोन्ही भाग दंडाच्या ताकदीने एकमेकांना भिडवायचे. या यंत्रासह काढलेली त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकत. सरावाइतकाच जाहिरातीचाही भाग त्यात होता, हे उघड आहे.

खरा फरक मात्र डावपेचांत नसून पैशाच्या वाटेत आहे. इव्हानच्या काळात कुस्ती दोन पक्षांत ठरे, दोन्ही बाजू पैजेची रक्कम आधी मांडत आणि बघ्यांमध्ये सट्टा चाले. पद्धतींचाही एकमेळ नव्हता. कमरेखाली हात न लावण्याची ग्रीको-रोमन पद्धत एकीकडे, तर पाय धरण्याची आणि जमिनीवर गुंतवण्याची मुभा देणारी ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’ दुसरीकडे. इव्हान कॅचमधला. १८८७ मध्ये त्याने इंग्लंडच्या जो ॲक्टनला हरवले, आणि मार्च १८९३ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ग्रीको-रोमनचा विजेता अर्नेस्ट रोबर याच्याशी दोन्ही पद्धतींच्या फेऱ्या मिळून झालेली लढत जिंकून अमेरिकेचा निर्विवाद विजेता ठरला. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, मार्टिन ‘फार्मर’ बर्न्सने शिकागोत त्याच्याकडून हा किताब घेतला.

यावरून तो काळ सचोटीचा होता असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली कुस्ती, तेव्हाही होत असे. फरक एवढाच की ती बहुधा त्या त्या कुस्तीपुरती ठरवली जाई आणि फसवणूक व्हायची ती सट्टा लावणाऱ्याची. त्यामुळे इव्हानच्या प्रत्येक कुस्तीबद्दल वेगळा विचार करावा लागतो.

एडच्या काळात पैसा तिकीट-खिडकीवर आला, आणि तेथे निकाली कुस्तीची अडचण जाणवू लागली. ४ जुलै १९१६ रोजी ओमाहात एड आणि जो स्टेकर जवळपास पाच तास झुंजले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. दोन जाणकार मल्ल एकमेकांना डाव लागू देत नाहीत तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला फक्त दोन माणसे एकमेकांवर रेललेली दिसतात. १३ डिसेंबर १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये एडने स्टेकरकडून जागतिक किताब घेतला. पुढे व्यवस्थापक बिली सँडो आणि मल्ल जोसेफ ‘टूट्स’ माँट यांच्यासह त्याने जे केले ते ‘गोल्ड डस्ट’ त्रिकुटाचे काम म्हणून ओळखले जाते: वेळेची मर्यादा, झटपट आणि उसळत्या डावांनी रंगणारी लढत, आणि शहरोशहरी फिरणारा पगारी मल्लांचा ताफा. या त्रिकुटाने सगळी कुस्ती एकट्याने बदलली, ही कथा मला थोडी फुगवलेली वाटते, कारण अनेक आयोजक त्याच दिशेने चालले होते. पण निकाल आधी ठरवणे हा अपवाद न राहता धंद्याचा पाया झाला तो याच काळात.

या व्यवस्थेची कच्ची बाजू १९२५ मध्ये उघडी पडली. वेन मन हा नेब्रास्काचा धिप्पाड फुटबॉलपटू होता, पण कुस्तीत तो नवखाच. गर्दी खेचील म्हणून ८ जानेवारीला कॅन्सस सिटीत एडने ठरवून हरून त्याला किताब दिला. १५ एप्रिलला फिलाडेल्फियात मनची गाठ स्टॅनिस्लॉस झबिस्कोशी पडली. हा पोलिश मल्ल ठरल्याप्रमाणे हरायचा होता. त्याऐवजी तो खरीखुरी कुस्ती लढला, आणि मनला त्यापुढे काहीच करता आले नाही. ३० मे रोजी झबिस्कोने किताब स्टेकरकडे, म्हणजे प्रतिस्पर्धी आयोजकांच्या गोटात, पोहोचता केला. (१९१० मध्ये लंडनला गामा पैलवानाशी बरोबरीत सुटलेला आणि जानेवारी १९२८ मध्ये पतियाळ्याला त्याच्याकडून मिनिटभरात आस्मान पाहिलेला झबिस्को तो हाच.) एडला किताब परत मिळाला तो थेट फेब्रुवारी १९२८ मध्ये, सेंट लुईस येथे स्टेकरला हरवून.

एडच्या बाबतीत गैरसमज होतो तो येथेच. त्याच्या कुस्त्या ठरलेल्या असत म्हणून तो नाटकी मल्ल होता, असे नव्हे. खऱ्या झुंजीत त्याला हरवणे अवघड होते, आणि मन प्रकरणानंतर आयोजकांना नेमका असाच विजेता हवा होता. समोरचा ऐनवेळी उलटला तरी किताब राखू शकणारा. खुपरीच्या आजाराने एडची दृष्टी उत्तरोत्तर मंदावत गेली तरी त्याची ही किंमत टिकून राहिली. ज्याच्या हाती पुढे १९४९ मध्ये नॅशनल रेसलिंग अलायन्स या आयोजकांच्या संघटनेचा किताब आला, त्या लू थेझचा मार्गदर्शक आणि व्यवस्थापक म्हणून तो गावोगाव फिरला, आणि थेझची निवडही त्याच कसोटीवर झालेली होती.