फाल्कनची मापं कुठून येतात

दिवाळीत बेळगावच्या गल्ल्यांतून संध्याकाळी फिरायला निघालं की दर थोड्या अंतरावर मातीचा किल्ला लागतो. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, सगळीकडे तेच. पूर्वी दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचं, तांबड्या मातीचा गिलावा द्यायचा, मोहरी पेरून हिरवळ उगवायची, वर महाराजांची मूर्ती बसवायची, झाला किल्ला. आता पोरं आधी राजगड, रायगड पायी फिरून येतात, नकाशे जमवतात आणि उंचसखलपणासकट हुबेहूब गड उभा करतात. बघायला येणाऱ्यांना एखादं पोरगं हातात काठी घेऊन दरवाजे, टाकी, माच्या नावानिशी सांगत असतं. एखादा बुरूज चुकीच्या जागी बसला तर गर्दीतलाच कोणी तरी टोकतो. टोकता येतं, कारण मूळ गड जागेवर आहे.

वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ, गणपतीचे देखावे आणि हे किल्ले यांत हात घोळलेल्या पिढीला मोठं काही उभारण्याची भीती नाही. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं आणि महिन्याच्या आत आलेल्या गणेशोत्सवात मंडपामंडपांतून विक्रम लँडर दिसू लागला. त्याचे फोटो होते, मापं जाहीर होती. पण सिनेमातलं यान, समजा ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन अंतराळपटातलं मिलेनियम फाल्कन, मोठ्या मापात आणि अचूक करायचं म्हटलं की गाडी पहिल्याच पायरीवर अडते. अचूक, पण कशाशी? फाल्कन नावाचं यान कधी नव्हतंच. होती ती वेगवेगळ्या आकाराची मॉडेलं आणि लाकूड-लोखंडाचे सेट, आणि त्यांचा एकमेकांशी पुरता मेळ बसत नाही.

हा गोंधळ कसा झाला हे कळायला 1975 पर्यंत मागे जावं लागतं. ‘स्टार वॉर्स’चे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्या वर्षी लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइस इथे एका गोदामात इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही स्पेशल इफेक्ट्सची कंपनी सुरू केली. फाल्कनचा पहिला आराखडा लांबट होता. त्याच वर्षी ‘स्पेस: 1999’ ही ब्रिटिश मालिका आली आणि तिच्यातल्या ईगल यानाशी हा आराखडा फारच जुळतोय असं लक्षात आलं. मग तिथले रचनाकार जो जॉन्स्टन यांनी नवी, चपटी थाळीसारखी रचना केली. जुनं लांबट मॉडेल टाकून दिलं नाही. त्याचं तोंड बदलून तेच सिनेमाच्या सुरुवातीला पळणारं बंडखोरांचं जहाज झालं. कॉकपिटचा शंकू मात्र फाल्कनकडे राहिला, तोही बाजूला सरकवून. म्हणजे ज्या तिरपागड्या रचनेवर लोक आज जीव टाकतात, तिचं मूळ अर्धं घाईत आहे.

त्याहून मोठी गंमत पृष्ठभागाची. फाल्कनच्या अंगावर जे शेकडो पाइप, झाकणं, जाळ्या, पेट्या दिसतात, त्या कोणी कागदावर आखल्या नव्हत्या. कारागिरांनी बाजारातून प्लास्टिकच्या खेळण्यांचे किट आणले. रणगाडे, युद्धनौका, विमानं, रेसिंग मोटारींची इंजिनं. त्यातले भाग काढून जिथे शोभतील तिथे चिकटवले. ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. 1968 च्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’मध्ये ती आधीच वापरली गेली होती, त्यातलं डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल 54 फुटी होतं. त्या चमूतले ब्रायन जॉन्सन पुढे ईगलचे रचनाकार झाले, आणि दुसऱ्या ‘स्टार वॉर्स’साठीही त्यांनी काम केलं. ज्या ईगलमुळे फाल्कनचा आकार बदलला, त्याचेच कर्ते शेवटी फाल्कनपाशी येऊन पोचले!

बारीक तपशील चिकटवण्यामागे नजरेचा हिशेब आहे. गुळगुळीत पृष्ठभाग कितीही मोठा केला तरी डोळ्याला तो लहानच वाटतो. त्यावर बारीक खाचा, रेषा, माणसाच्या मापाच्या वाटणाऱ्या वस्तू आल्या की मेंदू परस्पर ठरवतो, हे अजस्र आहे. किल्ला करणाऱ्या पोरांना हे सांगायला नको. तटबंदीवर बोटाएवढा मावळा ठेवला की चार फुटी डोंगर एकदम मोठा होतो.

1977 च्या पहिल्या चित्रपटासाठी केलेलं फाल्कनचं मॉडेल साधारण पाच फुटी होतं आणि चांगलंच जड. 1980 च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या दुसऱ्या चित्रपटात यानाला कोलांट्या घ्यायच्या होत्या, तेव्हा 32 इंची नवं मॉडेल केलं. दोन्ही फाल्कनच, पण एकाचा फोटो दुसऱ्यावर ठेवला तर भाग जुळत नाहीत. शिवाय रॅम्पवरून नट चढतात-उतरतात तो सेट वेगळाच. पहिल्या चित्रपटासाठी लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत अर्धंच यान बांधलं. ते हलवता येण्यासारखं नसल्यामुळे यान जागेवर ठेवून भोवतालचा सेट बदलला: एकदा वाळवंटातला धक्का, एकदा शत्रूच्या तळावरचा हँगर. दुसऱ्या चित्रपटासाठी मात्र पूर्ण यान हवं होतं. ते 1979 मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक इथे बांधलं, जिथे पूर्वी सुंदरलँड ही पाण्यावर उतरणारी विमानं ठेवली जात त्या हँगरमध्ये. कामाला सांकेतिक नाव दिलं होतं ‘मॅजिक राउंडअबाउट’, आणि तयार झाल्यावर यान सुट्या भागांत एल्स्ट्रीला नेलं.

या साऱ्यांत ओळखीची खूण कोणती म्हणाल तर पोटाखाली बघा. 1977 च्या फाल्कनला उतरायचे पाय तीन आहेत, 1980 च्या फाल्कनला पाच. त्यासाठी जुन्या पाचफुटी मॉडेललाही नंतर पायांच्या दोन पेट्या जोडल्या गेल्या. त्यामुळे तेच मॉडेल आज मोजायला मिळालं तरी ते पहिल्या चित्रपटातलं उरलेलं नाही.

लांबीचं काय? जुन्या पुस्तकांतून 26.7 मीटर छापलं जायचं. आता अधिकृत आकडा 34.75 मीटर सांगतात. दुसरा आकडा धरला तर 32 इंची, म्हणजे सुमारे 81 सेंटिमीटरचं मॉडेल 1:43 ठरतं. पहिला धरला तर 1:33. मॉडेल तेच, प्रमाण बदललं. दोन्ही आकडे यान पडद्यावर आल्यानंतर कागदावर आलेले. पेम्ब्रोक डॉकचा सेट तर इतका आखूड होता की आतल्या खोल्या त्यात मावल्याच नसत्या. माझ्या मते फाल्कनची ‘खरी लांबी’ शोधण्यात वेळ घालवू नये. ज्या मॉडेलची प्रत करायची ते एक निवडावं आणि त्याच्याच इंचांशी इमान राखावं. या छंदातले जाणते लोक हेच करतात. चित्रीकरणात वापरलेल्या मॉडेलच्या नेमक्या आकाराची प्रत, याला ते स्टुडिओ स्केल म्हणतात.

‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेतल्या एंटरप्राइझ यानाची गोष्ट यातच बसते. 1964 मध्ये केलेलं 11 फुटी मॉडेल 1974 पासून स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेकडे आहे आणि 2016 मध्ये डागडुजी होऊन वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पुन्हा मांडलं गेलं. त्याची फक्त उजवी बाजू पूर्ण रंगवलेली. डावीकडून दिव्यांच्या वायरी बाहेर येतात, कारण कॅमेरा तिकडे जाणारच नव्हता. आपल्या मंडपातल्या देखाव्याच्या मागे जाऊन बघितलेल्याला याचं नवल वाटणार नाही. पण डावी बाजू करायची झाली तर प्रतिकृतीवाल्याने काय करायचं? तिथे मूळच नाही. उजवी उलटी करून बसवायची, एवढंच हाती राहतं.

फाल्कनच्या बाबतीत अचूकपणाला तर विलक्षण वळण लागलं. अमुक पेटी कुठल्या रणगाड्याच्या किटमधली, तमुक जाळी कुठल्या इंजिनाची, याचा छडा लावणारे लोक जगभर आहेत. त्यांनी एकेक भाग ओळखून नकाशे केले. किट पन्नास वर्षांपूर्वीचे, त्यांतले बरेच आता निघत नाहीत, म्हणून जुने डबे चढ्या भावाने विकत घ्यायचे आणि त्यातली दोनच तुकड्यांएवढी वस्तू वापरायची. हे वेड आहे खरं, पण शिस्तीचं वेड आहे. आणि मूळ वस्तूंचं मोल बघा: ऑक्टोबर 2023 मध्ये पहिल्या चित्रपटातल्या एक्स-विंग यानाचं चित्रीकरणातलं मॉडेल लिलावात 31 लाख 35 हजार डॉलरला गेलं. ते मॉडेलकार ग्रेग जीन यांच्या संग्रहात, खोक्यात पडून होतं.

एवढे किट कोण घेणार? म्हणून भागांचे सिलिकॉनचे साचे करून रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, प्रती काढल्या जातात. इथे उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला कुठलाही पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारा कारागीर, कान टवकारेल. बेळगावला ओतकामाची सवय जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं आणि पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर इथूनच सुरू केले. 1910 ला ते किर्लोस्करवाडीला गेले, पण फाउंड्र्यांचं गाव म्हणून बेळगावची ओळख पुढे वाढतच गेली. इथला पॅटर्नमेकर लाकडी पॅटर्न कधीच नगाच्या मापाचा करत नाही. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, म्हणून त्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा.

रेझिन लोखंडाइतकं आकसत नाही, पण आकसतं. शिवाय छंदात प्रतीची प्रत आणि तिची पुन्हा प्रत असा सर्रास प्रकार चालतो. समजा दर पिढीला अर्धा टक्का गेला, तर तिसऱ्या पिढीतलं 81 सेंटिमीटरचं फाल्कन 12 मिलिमीटरने लहान. शेजारी अस्सल मापाचं कॉकपिट लावलं की फट दिसणारच. म्हणून विकत घेतलेल्या रेझिनच्या भागांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. एका ओळखीच्या भागावर व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावून बघावं. थ्रीडी प्रिंटमुळे हा त्रास कमी झाला, कारण फाइलमधलं माप आकसत नाही. प्रिंटच्या थरांच्या रेषा मात्र घासून काढाव्या लागतात, आणि त्यात पेशन्स संपतो.

आता इथल्या मिरवणुकीतल्या जागेचा हिशेब. 34.75 मीटरच्या आकड्यावर 1:10 फाल्कन केलं तर लांबी साडेतीन मीटरला थोडी कमी, म्हणजे साडेअकरा फुटांच्या आत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लांबीला बसतं. रुंदी मात्र अडीच मीटरवर जाते आणि ट्रॉली असते साधारण सहा फुटी, त्यामुळे दोन्ही बाजूंना फूटभराहून जास्त बाहेर येतं. गल्लीतून वळवताना नेमका तोच भाग कोणाच्या तरी पायरीला घासणार. आकार दुप्पट केला की पृष्ठभाग चौपट होतो, म्हणजे चिकटवायचा तपशीलही चौपट, हेही लक्षात घ्यायचं. त्यामुळे एवढ्या मापाला किटचे भाग पुरत नाहीत. सनबोर्ड (हलका प्लास्टिकचा बोर्ड) आणि ॲक्रिलिक लेझरवर कापून ते मोठे करून घ्यावे लागतात.

पेम्ब्रोक डॉकवाल्यांनी केलं तेच इथेही सोयीचं. आतला सांगाडा स्क्वेअर पाइपचा, पुढचे दोन सुळके आणि बाजूचं कॉकपिट नटबोल्टवर सुटं, वायरिंगला मध्ये कनेक्टर. पाय तीन ठेवायचे की पाच, हे मात्र वेल्डिंग सुरू व्हायच्या आधी ठरवून टाकावं. सगळा भार त्यांच्यावरच येतो, आणि नंतर जोडलेल्या पायाखाली सांगाड्याची पट्टी नेमकी नसते.